वाचकांचे प्रश्न : विंडोज जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायची आहे, पण विंडोज, प्रोग्रॅम आणि हिशेब जसेच्या तसे हवे आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून सगळी जागा याच विषयाला दिली आहे. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरावीत.

प्रश्न : आमचे चादर-टॉवेलचे ठोक दुकान आहे. हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये १ टीबीची जुनी हार्ड डिस्क असून त्यातली १९० जीबी भरलेली आहे. ४८० जीबीची साटा (साध्या केबलने जोडायची) एसएसडी आणून जोडली आणि सी ड्राइव्हमधले सगळे कॉपी करून तिच्यात टाकले. जुनी डिस्क काढली की ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येते. एसएसडी खराब निघाली का? आणि टॅलीचे काय होईल?
— एक व्यापारी, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : एसएसडी खराब नाही, कॉपी अपुरी आहे. कॉम्प्युटर सुरू होताना सी ड्राइव्ह आधी उघडत नाही. यूईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीच्या मशीनमध्ये त्याच डिस्कवर साधारण १०० एमबीचे, फॅट३२ पद्धतीचे, ईएफआय नावाचे छोटे पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) असते. विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम त्यात असतो. त्याला ड्राइव्हचे अक्षर नसल्यामुळे ते एक्स्प्लोररमध्ये दिसत नाही, म्हणून कॉपीत येत नाही. लेगसी बायोस या जुन्या पद्धतीच्या मशीनवर हेच काम ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ पार्टिशन करते. शिवाय विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदींच्या) फाइली कुलूपबंद असतात, त्याही कॉपी होत नाहीत. त्यामुळे कॉपी-पेस्टचा मार्ग सोडा. पूर्ण डिस्कचे क्लोन, म्हणजे लपलेल्या पार्टिशनसह हुबेहूब नक्कल, करावे लागते.

क्लोनिंगआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि ०५, सी५ व सी६ या तीन ओळी वाचा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडणारे आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर क्लोनिंग नंतर. आधी टॅलीचा डेटा, बिले आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क /आर’ (टाइप करताना सीएचकेडीएसके) ही डिस्क तपासणारी आज्ञा चालवू नका. ती आज्ञा सगळी डिस्क तासन्‌तास वाचत बसते आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच जाते. तिच्यासाठी डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचे साधन योग्य. ते आधी चांगला भाग काढून घेते आणि खराब सेक्टरकडे शेवटी वळते. तिन्ही आकडे शून्य असतील तर ‘चेकडिस्क सी: /एफ’ एकदा चालवून पुढे जा.

मापाची अडचण तुम्हाला नाही. ४८० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४४७ जीबी दिसते आणि तुमचा भरलेला भाग १९० जीबी आहे. मात्र सॉफ्टवेअर निवडताना काळजी घ्या. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचे आहे, पण नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी असेल असे ते धरून चालते. १ टीबीवरून ४८० जीबीवर येताना एसएसडी कंपनीचे स्वतःचे साधन सोपे पडते. सॅमसंगसाठी मॅजिशियन आहे, वेस्टर्न डिजिटल आणि क्रुशलसाठी अॅक्रोनिसची मोफत आवृत्ती मिळते. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती आता बंद झाली आहे, जुन्या लेखांतला तो सल्ला सोडून द्या.

डेस्कटॉप असल्याने एसएसडी यूएसबीवर न लावता थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडा. १९० जीबीला तासाभराच्या आतबाहेर लागेल. यूएसबी २.० च्या पोर्टवरून लावली तर दीड तासाहून जास्त. टॅलीसह सगळे प्रोग्रॅम बंद करा आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा. मध्येच वीज गेली तर जुन्या डिस्कचा डेटा सहसा शाबूत राहतो, कारण क्लोनिंग तिच्यावरून फक्त वाचते. काम मात्र पहिल्यापासून करावे लागते.

खरा धोका दिशेचा आहे. कोणती डिस्क ‘सोर्स’ (जिच्यावरून घ्यायचे) आणि कोणती ‘टार्गेट’ (जिच्यावर लिहायचे) हे उलटे निवडले तर रिकामी एसएसडी तुमच्या हिशेबावर लिहिली जाते, आणि ते परत येत नाही. ‘डिस्क ०, डिस्क १’ या क्रमांकावर विसंबू नका. मॉडेल नंबर आणि माप वाचून, दोनदा खात्री करून मगच ‘स्टार्ट’ दाबा.

क्लोन झाल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि फक्त एसएसडीवर सुरू करा. हे टाळू नये. क्लोननंतर दोन्ही डिस्कची ओळख एकच असू शकते, त्यामुळे दोन्ही जोडून ठेवल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करते. कधी जुनीवरूनच सुरू होते आणि दोन दिवसांची बिले भलत्याच डिस्कवर जातात. बायोसमध्ये बूटच्या यादीत नव्या डिस्कचा ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा.

तरीही सुरू होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून चालू करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, आज्ञा टाइप करायची खिडकी उघडते. ‘डिस्कपार्ट’ मध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ ने छोटे फॅट३२ पार्टिशन शोधा (पेनड्राइव्हही फॅट३२ असतो, मापावरून ओळखा), ते निवडून ‘असाइन लेटर=एस’ द्या आणि ‘एक्झिट’ करा. मग ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. इथे विंडोजच्या ड्राइव्हला सी ऐवजी डी अक्षर मिळालेले असू शकते, आधी ‘डीआयआर’ ने बघून घ्या. ही आज्ञा यूईएफआय मशीनसाठी आहे. तुमचे मशीन कोणत्या पद्धतीचे आहे ते ‘एमएसइन्फो३२’ मध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत कळते.

टॅलीचा परवाना त्या कॉम्प्युटरशी बांधलेला असतो, आणि डिस्क बदलल्यावर तो नव्याने मागितला जाऊ शकतो. म्हणून क्लोनिंगच्या आधी टॅलीप्राइममधून परवाना सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा सुरू करा. त्यासाठी इंटरनेट आणि टॅली डॉट नेट आयडीचा पासवर्ड लागतो. तो पासवर्ड बहुधा टॅली बसवून देणाऱ्याकडेच असतो, तो आधी मागून घ्या. डेटाचा बॅकअप ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ मधून वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे नुसती डिस्क बदलल्याने तो जात नाही.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी) आहे, ती १ टीबी करायची आहे. स्लॉट एकच आहे. मित्राने क्लोन केले, तेव्हा सी ड्राइव्ह तेवढाच राहिला आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ दाबताच येत नव्हते. मी कसे करू?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मित्राच्या बाबतीत सी ड्राइव्हच्या लगेच पुढे रिकव्हरी पार्टिशन बसले आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडे गेली. विंडोज फक्त लगतची मोकळी जागा जोडते. काही क्लोनिंग सॉफ्टवेअरमध्ये पार्टिशन ओढून मोठे करण्याची सोय क्लोन सुरू करण्याआधीच असते, ती वापरा. वेळ गेली असेल तर ‘रीएजंटसी /डिसेबल’ देऊन जीपार्टेड या पार्टिशन सरकवण्याच्या साधनाच्या पेनड्राइव्हवरून रिकव्हरी पार्टिशन शेवटी सरकवा, सी वाढवा आणि मग ‘रीएजंटसी /एनेबल’ द्या.

एकच स्लॉट असल्याने नवी डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून क्लोन करावे लागेल. एन्क्लोजर एनव्हीएमईचाच घ्या, एम.२ साटाचा चालत नाही. दोन्ही दिसायला जवळपास सारखे असतात. एनव्हीएमई डिस्कच्या टोकाला बहुधा एकच खाच असते आणि साटाच्या डिस्कला दोन, तरी बॉक्सवरचा शब्द वाचणे सर्वांत सुरक्षित. लांबीही जुळवा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, काही छोट्या लॅपटॉपमध्ये फक्त २२४२ मावते.

तुमच्याकडे बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा सांकेतिक करून ठेवण्याची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. नवीन लॅपटॉपवर ते न सांगता चालू असते. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा आणि क्लोनिंगआधी एन्क्रिप्शन पूर्ण बंद होऊ द्या. ते राहिले तर नव्या डिस्कवर पहिल्याच वेळी की मागितली जाते आणि ती नसेल तर तिथेच अडते. काम झाल्यावर पुन्हा चालू करा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. बंद एन्क्लोजरमधली एनव्हीएमई सलग लिहिताना फार तापते, आणि तापली की वेग स्वतःच कमी करते. काम सकाळी उरका आणि एन्क्लोजर पंख्याखाली ठेवा, गादीवर नको. डिस्क बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि आधी बॅटरीची पिन काढा.

प्रश्न : साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर क्लोन केले. विंडोजचे चिन्ह येते आणि मग निळा पडदा, ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बूट पार्टिशन नीट आले आहे, नाहीतर चिन्हापर्यंतही पोचले नसते. जुन्या डिस्कवर एनव्हीएमईची कधी गरज न पडल्यामुळे विंडोज तिचा ड्रायव्हर सुरुवातीलाच उठवत नाही. एकदा सेफ मोडमध्ये सुरू केले की ड्रायव्हर जागेवर बसतो. रिकव्हरीच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट आणि मग ४. तिथे पोचून नेहमीसारखे रीस्टार्ट करा. एवढ्याने सुटले नाही तर बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय आणि रेड (आरएआयडी) यांत कोणी बदलली आहे का ते बघा, आणि क्लोन करताना होती तीच ठेवा.

प्रश्न : आमच्या छापखान्यातला कॉम्प्युटर रडतखडत चालतो. नव्या एसएसडीवर क्लोन करावे की विंडोज नव्याने टाकावे?
— डीटीपी चालक, अशोक चौक

उत्तर : नव्याने टाका. क्लोनमध्ये जुना कचरा, अर्धवट अपडेट आणि असलाच तर व्हायरसही सोबत येतो. क्लोन तिथे करावे जिथे विंडोज धड आहे आणि फक्त डिस्क हळू आहे. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीनला ११ चालत असेल तर ही संधी घ्या. मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फाइली तिच्यावर जाऊन बसतात.

छापखान्यात सगळ्यात महाग पडते ती फॉन्टची हानी. जुन्या लग्नपत्रिका आणि पावती पुस्तके ज्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, ते फॉन्ट नसतील तर मजकूर अगम्य अक्षरांत दिसतो. विंडोजमधला पूर्ण फॉन्ट फोल्डर, डेस्कटॉपवरच्या फाइली, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि डाँगलवर (परवान्यासाठी कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या चावीवर) चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे सेटअप आधी वेगळे काढा. डाँगल नव्या विंडोजवर चालतो का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.

प्रश्न : जुनी हार्ड डिस्क भंगारात द्यायची आहे. फॉरमॅट पुरेल का?
— एक वाचक, विजापूर वेस

उत्तर : क्विक फॉरमॅट पुरत नाही. आधार, पॅन आणि बँकेचे कागद साध्या सॉफ्टवेअरने परत मिळतात. एक महिना नव्या डिस्कवर काम सुरळीत चालू द्या. मग बाकीच्या डिस्क काढून ‘डिस्कपार्ट’ मध्ये जुनी डिस्क निवडा आणि ‘क्लीन ऑल’ द्या. नुसते ‘क्लीन’ नको, ते फक्त पार्टिशनची यादी पुसते. ‘क्लीन ऑल’ प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते, १ टीबीला साधारण तीन तास लागतात. एसएसडी पुसायची असेल तर ही आज्ञा न वापरता कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले किंवा बायोसमधले ‘सिक्युअर इरेज’ वापरा.