लांब धावणाऱ्या बायकांच्या शंका

प्रश्न : वय २९, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. ‘एवढं धावलीस तर गर्भाशय खाली येईल,’ असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का? (फोंडा)

उत्तर : निरोगी बाईचं गर्भाशय धावल्यामुळे खाली येतं, असं दिसलेलं नाही. सासूबाईंचा दोष नाही. ही भीती एके काळी शर्यतींचे नियम करणाऱ्यांनीच पसरवली. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, ‘धावपटू कोसळल्या’ अशा बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत थेट १९६०मध्ये परतली. १९६६ साली बॉबी गिब या अमेरिकन धावपटू बाईंचा अर्ज बॉस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांनी ‘बायकांच्या शरीराला हे झेपणार नाही’ म्हणून फेटाळला. गिब झुडपात दबा धरून बसल्या, सुटलेल्या घोळक्यात मिसळल्या आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत पोचल्या. तरी बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२मध्ये, आणि ऑलिम्पिक मॅरेथॉन त्यांच्यासाठी सुरू झाली १९८४मध्ये.

बाळंतपणानंतर मात्र निदान १२ आठवडे धावू नका. नंतरही धावताना लघवी निसटली किंवा खाली जड वाटलं, तर थांबून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

खरा धोका कमी जेवण्यात आहे. खर्चाएवढं अन्न पोटात गेलं नाही की पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं विरळ होतात आणि नडगीला बारीक तडा जातो. तीन महिने पाळी आली नाही, तर ‘कटकट गेली’ म्हणून गप्प बसू नका. रक्त तपासताना फेरिटिनही बघा, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन १२च्या वर असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

प्रश्न : मिरामार-दोनापावल रस्त्यावर पहाटेसुद्धा दहाव्या किलोमीटरला गळून जाते. पाणी भरपूर पिते. (पणजी)

उत्तर : आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे अंग तापतं आणि नेहमीच्याच वेगाला नाडी चढते. धावताना अख्खं वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा.

‘भरपूर’ पाण्याची आम्हाला काळजी वाटते. निघताना आणि परतल्यावर अंग पुसून वजन करा. अर्धा-पाऊण किलो घटलं तर ठीक. वाढलं, तर पाणी जास्त झालं; रक्तातलं सोडियम उतरून मळमळ, डोकेदुखी, भ्रम होतो आणि जिवावर बेततं. तासापेक्षा जास्त धावायचं असेल, तर घोट घोट ओआरएस घ्या. घरी आल्यावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज उत्तम, सोबत अंडं किंवा मूग.

प्रश्न : स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्याखाली कातडी सोलते. (म्हापसा)

उत्तर : पट्टा सैल असणार. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली अमेरिकेत बायकांनीच पुरुषांचे दोन सपोर्टर जोडून शिवली. आज दुकानात निवड आहे, तेव्हा घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नकोत. हात वर केल्यावर पट्टा सरकायला नको. तिथेच उड्या मारून बघा. सुती कापड ओलं राहून घासतं, ते टाळा, आणि धावायला निघण्याआधी पट्ट्याखालच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावा.