आमचे कॉलेजचे हॉकी कोच रिटायर होतायत, शाल-श्रीफळ सोडून त्यांचा सन्मान कसा करता येईल?

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत मॅडिसनला, म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि पोरगा बर्फावरची हॉकी खेळतो, एवढ्या भांडवलावर उत्तर देतोय. तुमची मैदानावरची, आमची बर्फावरची, पण कोच ही जात सगळीकडे सारखीच.

इथे बॉब जॉन्सन म्हणून एक कोच होऊन गेला. 1966 ते 1982 इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा कोच, 1973, 1977 आणि 1981 अशी तीनदा कॉलेजांची नॅशनल चॅम्पियनशिप, टीमचं नाव बॅजर्स म्हणून लोक त्याला 'बॅजर बॉब' म्हणायचे. जिंका नाहीतर हरा, ह्याचं पालुपद एकच, 'आज हॉकीसाठी मस्त दिवस आहे'. पुढे प्रोफेशनलमध्ये गेला, 1991 ला पिट्सबर्ग पेंग्विन्स ह्या क्लबला स्टॅन्ली कप (इथल्या प्रोफेशनल बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी ट्रॉफी) जिंकून दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेंदूच्या कॅन्सरने गेला. तर क्लबने काय केलं, त्याचं ते वाक्य आपल्या रिंकच्या बर्फावरच रंगवलं. म्हणजे पोरं रोज त्याच्यावरूनच स्केटिंग करणार! मला यापेक्षा भारी सन्मान माहीत नाही.

त्याच्या 1977 च्या टीममधला एक बॉब सूटर. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये ज्या अमेरिकन टीमने सोव्हिएत टीमला 4-3 हरवलं आणि नंतर गोल्ड आणलं, त्यातला हा (जॉन्सनचा मुलगा मार्क पण त्यातच, त्या मॅचमध्ये त्याचे दोन गोल). गोल्ड मेडल घेऊन गडी मॅडिसनला परत आला, खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं आणि लहान पोरांच्या हॉकीत जन्म घातला. 2014 मध्ये रिंकवरच हार्ट अटॅकने गेला, आता त्या रिंकला त्याचं नाव आहे.

आमच्या पोराचे कोच एवढे फेमस नाहीत. पण पोरगा पाच वर्षांचा असताना उलटी बादली ढकलत बर्फावर फिरायचा, दर दोन मिनिटांनी धपकन आपटायचा, तर कोच हात देऊन उठवायचे नाहीत. शेजारी बसायचे, एक गुडघा वर घे, दोन्ही हात त्याच्यावर ठेव, आता ऊठ. मी काचेमागे कॉफी हातात धरून जीव मुठीत. आता तोच पोरगा नवीन पोरांना अगदी तसंच शेजारी बसून शिकवतो, गुडघा वगैरे सगळं.

तर तुम्ही असं करा, जुन्या पोरांना फोन लावून विचारा की सर ग्राउंडवर कायम काय ओरडायचे, दहातले आठ जण तेच वाक्य सांगतील, ते प्रॅक्टिसच्या ग्राउंडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. शाल-हार-फ्लेक्सचे पैसे वाचतील त्यात भर घालून ज्युनियर पोरांसाठी गोलकीपरचं किट घ्या, ते महाग असतं आणि घरून कोणी आणू शकत नाही. आणि सकाळी जुने विरुद्ध नवे अशी मॅच ठेवा, शिट्टी सरांच्याच हातात.

फक्त आमदाराला बोलावू नका राव, सरांचा नंबर येईपर्यंत पोरं वडापावच्या लायनीत असतील.