फोटो हलला, डोळे मिटले, चेहरा पांढरा पडला : लग्नातल्या फोटोंची प्रश्नोत्तरे

मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो काढायचं काम माझ्यावर आलंय. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ एवढंच आहे. मागच्या एका समारंभात हॉलमधले निम्मे फोटो धूसर आले. नवी लेन्स घेऊ का?

एवढ्यात नको. आधी ते बिघडलेले फोटो काँप्युटरवर उघडा आणि १०० टक्के मोठे करून बघा. धूसर म्हणजे नेमकं काय झालंय, ते तिथेच कळेल.

मागची भिंत, खुर्च्या, माणसं, सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. भिंत स्वच्छ आहे पण हात आणि चेहरा फासटलाय, तर माणूस हलला. आणि कानातले लखलखीत पण डोळे धूसर, किंवा माणसापेक्षा मागची फुलं स्पष्ट, तर फोकस चुकला. हॉलमध्ये बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. हे लक्षात न घेता लोक १/३० सेकंदाच्या शटरवर बिनधास्त फोटो काढत राहतात.

शटरचे आकडे (तो किती सेकंद उघडा राहतो) साधारण असे धरा. बसलेली, बोलणारी माणसं १/१२५. चालत येणारी नवरा-नवरी १/२५०. नाचणारी माणसं, धावणारी मुलं १/४०० ते १/५००. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून मेनूमध्ये किमान शटर १/१६० आणि कमाल आयएसओ ६४०० असं बांधून टाका, नाचाच्या वेळी किमान शटर वाढवा. फोटोत दाणे आले तर नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. आयएसओ १६०० वर काळा आलेला फोटो नंतर उजळवला, तर तो सरळ ६४०० वर काढलेल्या फोटोइतकाच दाणेदार होतो, कधी त्याहून वाईट.

१८-५५ लेन्स ५५ च्या टोकाला एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). तुमची ५० मिमी एफ १.८ वर त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. पण तिचीही एक अट आहे. अशा छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, दोन मीटर अंतरावरून, एफ १.८ ला जेमतेम ११ सेंमी खोलीच स्पष्ट येते. नवरी अर्धी वीत पुढे आणि नवरा मागे असेल, तर दोघांपैकी एकाचाच चेहरा मिळतो. जोडीसाठी एफ २.८ ठेवा, तिथे साधारण १८ सेंमी मिळतात. एकट्याच्या चेहऱ्याला एफ २ चालेल. आणि तीन मीटरवरून या लेन्समध्ये आडवं फक्त १.४ मीटर मावतं, म्हणून हॉलचं पूर्ण दृश्य १८ मिमीवर, एफ ३.५ ला घ्या.

आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, शक्यतो त्याच वेळी, अर्धा तास जाऊन या. स्टेजवर कुणालातरी उभं करा आणि किती आयएसओ लागतो ते बघून ठेवा. नव्या लेन्सपेक्षा या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त होतो.

स्टेजवरच्या फोटोंत आडवे पट्टे दिसतात, काही फोटो पिवळे तर लगेच पुढचा हिरवट. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठीक आहे, दिवे लुकलुकताहेत. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला ते जाणवत नाही. शटर १/१०० असेल तर उजळ-मंदचा एक पूर्ण ठोका आत येतो, १/५० ला दोन. १/५०० ला मात्र ठोक्याचा एखादा तुकडाच सापडतो, कधी उजळ भाग, कधी मंद, आणि त्याबरोबर रंगही बदलतो.

त्यात आवाज न करणारा सायलेंट मोड चालू असेल तर पट्टे ठळक होतात. त्या मोडमध्ये बहुतेक कॅमेरे सेन्सर एका झटक्यात न वाचता ओळीमागून ओळ वाचतात, आणि वाचता वाचता दिवा मंदावतो. म्हणून पहिलं काम, मेकॅनिकल शटर लावा. दुसरं, १/१०० वर या (पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तिथे १/१२० किंवा १/६०). तिसरं, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा. तो दिवा सर्वांत उजळ असतानाच शटर सोडतो, त्यामुळे बटण दाबल्यावर किंचित उशीर जाणवेल.

१/१०० वर चालणारी माणसं हलतात, ही खरी अडचण आहे. तेव्हा पावलं थांबतात ते क्षण धरा : वळताना, एकमेकांकडे बघताना, पायरी चढण्याआधी. स्टेजवरचे रंग बदलणारे दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यांना १/१०० चा नियम लागू पडेलच असं नाही. तिथे १/६० पासून १/२५० पर्यंत पाच-सहा फोटो काढून बघा, पट्टे नसलेला वेग लिहून ठेवा. नंतर एडिटिंगमध्ये पट्टे घालवणं जवळपास अशक्य, कारण प्रत्येक पट्ट्याचा रंग निराळा असतो.

घरच्यांचे ग्रुप फोटो काढण्यात दीड तास जातो. माणसं वैतागतात, आणि शेवटी कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेलेच. यावर उपाय?

वेळ फोटोत जात नाही, माणसं गोळा करण्यात जातो. दहा जणांच्या ग्रुपला तीन मिनिटं धरा, त्याहून मोठ्याला पाच. बारा ग्रुप म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटं झाली. त्याहून जास्त ग्रुप हवे असतील तर घरच्यांशी आधीच बोला आणि यादी छाटा. प्रत्यक्ष समारंभात कुणीच छाटू देत नाही.

यादीत 'काकांकडचे' असं लिहू नका, नावं लिहा. प्रत्येक बाजूने एक माणूस असा घ्या, ज्याला सगळे चेहरे ओळखू येतात आणि ज्याचा आवाज मोठा आहे. यादी त्याच्या हातात. तुम्ही एक ग्रुप काढत असताना त्याने पुढचा बाजूला उभा करून ठेवायचा. सुरुवात सर्वांत मोठ्या ग्रुपने करा आणि मग माणसं कमी करत जा. ज्यांचं काम झालं ते मोकळे. वयस्कर माणसांना एकदा खुर्चीवर बसवलं की उठवायचं नाही, बाकीच्यांनी त्यांच्याभोवती बदलत राहायचं.

उभं करताना ओळी एकमेकींना चिकटून हव्यात. मागच्यांनी पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून बघायचं. 'तुम्हाला कॅमेरा दिसतोय का' असं विचारत बसू नका, तुम्हाला त्यांचे दोन्ही डोळे दिसतात का ते बघा. स्टुलावर चढून कॅमेरा थोडा वरून धरला की मागच्या ओळीचे चेहरे लपत नाहीत आणि हनुवट्याही नीट दिसतात. २४ मिमीच्या आसपासच्या रुंद लेन्सने जवळून काढलं की कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात, आणि कडेला उभं केलेलं कुणी ना कुणी ते मनाला लावून घेतंच. मागे सरका, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ ते ५० मिमी वापरा. ५० मिमी, एफ ४, पाच मीटर अंतर : साधारण चार मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, दोन-तीन ओळींना ते पुरे. चार-पाच ओळी असतील तर एफ ५.६ किंवा ८. फोकस पहिल्या ओळीवर, तीन ओळी असल्या तर दुसरीवर.

मिटलेल्या डोळ्यांचं गणित ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी मांडलंय, त्याला २००६ मध्ये गणिताचं इग नोबेलही मिळालं. विनोदी पुरस्कार, पण नियम कामाचा : वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असताना दोनने. जेवढे येतील तेवढे फोटो काढा. बारा माणसांना चार, संध्याकाळी सहा. 'एक-दोन-तीन'च्या बरोबर तीनवर बटण दाबू नका, तोवर डोळे ताणून थकलेले असतात. तीन म्हटल्यावर क्षणभर थांबा आणि मग सलग काढा.

एकाच माणसाचे डोळे दर वेळी मिटत असतील, तर फ्लॅशवर संशय घ्या. ऑटो मोडमधला फ्लॅश मुख्य झोताआधी मोजमापासाठी एक बारीक झोत टाकतो. काही जणांच्या पापण्या त्यालाच मिटतात आणि मुख्य झोत येतो तेव्हा मिटलेल्याच असतात. फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, पहिला झोतच राहत नाही.

भर दुपारी, मोकळ्यावर समारंभ आहे. वेळ बदलता येत नाही. डोळ्यांखालच्या काळ्या सावल्यांचं काय करू?

उन्हातून सावलीत, पण सावलीच्या अगदी काठाशी. इमारतीच्या सावलीत नवरा-नवरीला अशा जागी उभं करा की त्यांचे चेहरे बाहेरच्या उजळ जमिनीकडे असतील. तो परतलेला उजेड डोळ्यांखालच्या खाचा भरून काढतो. विरळ झाडाची सावली टाळा, पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर पांढरे डाग पाडतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

सावली नसेल तर सूर्य त्यांच्या पाठीशी घ्या, एक्स्पोजर +१ स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) करा, मागचं आकाश पांढरं होऊ द्या. कुणाला पांढऱ्या कापडाचा मोठा तुकडा किंवा पांढरा थर्माकोल कमरेच्या उंचीवर धरायला लावा. पांढऱ्या कपड्यांसाठी हायलाइट वॉर्निंग (फोटोतला जास्त उजळून सपाट झालेला भाग दाखवणारी सोय) चालू ठेवा. गडद लाल कपड्यांचा धोका वेगळा आहे. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, तरी लाल चॅनल उजवीकडे आपटलेला असतो आणि कापडावरचं सगळं विणकाम सपाट होतं. लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा आणि गरज पडली तर अर्धा स्टॉप कमी करा.

फ्लॅश लावला की चेहरे पांढरेफटक आणि मागचा हॉल काळा. न लावला तर अंधार. मधला मार्ग आहे का?

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दोन मीटरवर जेवढा पडतो, चार मीटरवर त्याच्या चौथाईच. म्हणून पुढचा माणूस जळतो आणि मागचा बुडतो. छत पांढरं आणि तीन-साडेतीन मीटर उंच असेल तर फ्लॅशचं डोकं छताकडे फिरवा. सरळ वर नको, किंचित मागे किंवा बाजूला, नाहीतर डोळ्यांत सावली पडते. आयएसओ ८०० ते १६००, एफ ४, १/१००, फ्लॅश +२/३. छत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर येतो. काळं किंवा फार उंच असेल तर हा मार्ग बंद. मग जवळची पांढरी भिंत शोधा. तीही नसेल तर आयएसओ ३२०० करून हॉलचा उजेड आत घ्या आणि समोरून फ्लॅश -१ किंवा -१.५ एवढाच द्या.

दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा. फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळे बल्ब ३००० च्या आसपास. पूर्ण नारिंगी जेल लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवला की चेहरा आणि मागचा हॉल एका रंगात येतात.

चेहरा तरीही मैद्यासारखा दिसत असेल तर मेकअपही बघा. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि वरून लावायची सिलिकाची पावडर फ्लॅशमध्ये पांढरी चमकते, आरशात दिसत नाही. मेकअपची चाचणी असेल त्याच दिवशी समोरून फ्लॅश मारून एक फोटो काढा.

पाहुणे म्हणून जाणार आहोत, फोनवरच काढणार. काही टिप्स?

लेन्स पुसा, दिव्यांभोवती पसरणारं धुकं बहुतेक वेळा बोटांचं तेल असतं. बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा, पण ठरलेल्या फोटोग्राफरच्या आणि नवरा-नवरीच्या मध्ये नको. नाइट मोड अनेक फोटो एकत्र करतो, म्हणून हलणाऱ्या माणसांना तो बंद. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे अडकतो. पाठवताना चॅटमध्ये फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी होऊन जातो.

दोघे मिळून दोन कॅमेऱ्यांवर काढणार आहोत. कार्ड किती लागतील आणि आधी काय तपासावं?

२४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल २५ ते ३० एमबी. दोन हजार फोटो म्हणजे सुमारे ६० जीबी, आणि ६४ जीबीच्या कार्डात प्रत्यक्षात ते काठोकाठ होतात. माणशी दोन ६४ ची घ्या. दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दुसऱ्या कार्डात तीच प्रत चालू ठेवा. कार्ड आदल्या रात्री कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. भरलेलं कार्ड वेगळ्या डबीत, लेबल खाली करून ठेवायचं, म्हणजे चुकून पुन्हा आत जात नाही. समारंभ चालू असताना कॅमेऱ्यात बसून फोटो पुसत बसू नका. घाईत नको तो जातो.

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत एक करा. हे राहिलं असेल तर दोघांनी एकाच फोनवरच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा, नंतर फरक मोजून वेळ सरकवता येते. नाहीतर क्रम लावताना नवरी आधी निघून जाते आणि मग येते. घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि दोन्हींतल्या फाइल उघडून बघेपर्यंत कार्डाला हात लावू नका.