‘प्रत्येकाला गरजेप्रमाणे’ ही कम्युनिस्टांची घोषणा बायबलमधून आली आहे का?

कम्युनिस्टांच्या सभांत ऐकू येणाऱ्या ‘प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे’ या घोषणेची कल्पना बायबलमध्ये नक्की आहे, फक्त ती एका वाक्यात नाही. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडा. त्याच्या ४:३२-३५ मध्ये (अध्याय ४, वचनं ३२ ते ३५) यरुशलेममधले विश्वासणारे, म्हणजे सुरुवातीचे ख्रिस्ती, आपलं काहीच स्वतःचं म्हणत नाहीत. जमिनी, घरं विकून पैसे प्रेषितांच्या (येशूच्या प्रमुख शिष्यांच्या) पायांशी ठेवतात आणि ज्याला जशी गरज तसं वाटप होतं. ‘कुवतीप्रमाणे’ हा अर्धा भाग ११:२९ मध्ये, यहूदीयातल्या बांधवांना मदत पाठवताना येतो. मार्क्सने ही घोषणा १८७५ मध्ये लिहिली, पण त्याआधीच ती फ्रेंच समाजवाद्यांत रुळली होती. त्यांच्यापैकी एत्येन काबे तर साम्यवाद हाच खरा ख्रिस्ती धर्म असं मांडायचा, त्यामुळे धागा बहुधा तिथूनच आला, असं मला वाटतं.

पण यावरून बायबल कम्युनिस्ट ठरत नाही. त्याच पुस्तकात ५:४ मध्ये प्रेषित पेत्र, जमीन विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता; दोष खोटं बोलण्याचा. म्हणजे देणं ऐच्छिक होतं, सत्तेने काढून घेणं नव्हे. वादात हा फरक सोडू नका, दोन्ही बाजूंचे लोक तो सोडतात. आणि कम्युनिस्टांच्या कायद्यात बायबलचं वाक्य आल्याचं उदाहरण हवं असेल तर १९३६ च्या सोव्हिएत संविधानाचं कलम १२ बघा: काम न करणाऱ्याने खाऊही नये. हे बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातलं (३:१०) आहे.