मेनोनाइट : मंडळी की समाज?

एका वाचकाने विचारलं आहे : कॅनडातल्या एका लेखाचं मराठी करताना ‘मी आता मेनोनाइट नाही, तरी मेनोनाइट आहे’ अशा अर्थाचं वाक्य आलं. लेखकाची गफलत झाली आहे का? आणि मेनोनाइटला पंथ म्हणायचं, जात म्हणायचं की जमात?

गफलत नाही. शब्द एकच आहे आणि त्याला दोन ठिकाणी राबावं लागतं : एका ख्रिस्ती मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) आणि त्या मंडळीतून घडलेल्या समाजासाठी. आपल्याकडे समाजासाठी पारशी आणि धर्मासाठी जरथुष्ट्री असे वेगळे शब्द आहेत. अग्यारीची पायरी न चढणाराही पारशीच राहतो, वाक्य कुठे अडत नाही. मेनोनाइटांना ही सोय नाही.

नाव आलं मेनो सिमन्सवरून. हा आजच्या नेदरलंड्समधल्या फ्रीसलंडचा कॅथलिक पाद्री, १५३६ मध्ये आपलं चर्च सोडून बाहेर पडला. चळवळ मात्र त्याच्याआधीची, १५२५ च्या स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमधली. तान्ह्या बाळाला काय कळतं? बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, घ्यायचा तो कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, असं या चळवळीतल्यांचं म्हणणं. विरोधकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’ म्हणून हिणवलं आणि १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारलं. पाण्याची हौस आहे ना, घ्या पाणी, असा त्यातला कुत्सितपणा. डच मंडळींनी तर माणसाचं नावच नको म्हटलं. ते स्वतःला ‘दोप्सखेझिंट’ म्हणवतात, म्हणजे बाप्तिस्म्याकडे मन असलेले.

तेव्हा मुळात जन्माने कुणी मेनोनाइट नसतोच. वारकऱ्याच्या घरात जन्मून भागत नाही, माळ घालावी लागते, त्यातलाच प्रकार.

मग जन्म आला कुठून? वणवणीतून. शस्त्र हाती घ्यायचं नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे छळ झाला किंवा सैन्यभरतीची सक्ती आली की बिऱ्हाड हलायचं. नेदरलंड्सहून आजच्या पोलंडमधल्या व्हिस्चुला नदीच्या खोऱ्यात, तिथून १७८९ मध्ये आजच्या युक्रेनमध्ये, १८७४ पासून कॅनडातल्या मॅनिटोबाला आणि अमेरिकेतल्या कॅन्ससला, १९२२ मध्ये मेक्सिकोत (तिथे जाण्यामागे कॅनडातल्या शाळांच्या सक्तीचा वाद होता). जिथे गेले तिथे वेगळी गावं वसवली, घरात प्लाउटडीच ही आपली जर्मन बोली बोलले, लग्नं आपसात लावली. आता फ्रीसन, पेनर, रीमर, वीब अशी आडनावं ऐकली की ‘कुठले तुम्ही?’ सुरू होतं आणि दोन मिनिटांत मावसनातं निघतं. हे आपल्यालाच येतं असं वाटत होतं, पण तिकडे या उद्योगाला ‘मेनोनाइट गेम’ असं नावही आहे. पनीर भरून उकडलेल्या करंजीसारखं ‘व्हेरेनिके’, मोठ्या पावावर छोटा पाव बसवून भाजलेलं ‘झ्वीबाक’, हे सगळं त्या शब्दाला चिकटलं. मेक्सिकोत तर ‘मेनोनाइट चीज’ दुकानात मिळतं. त्यात श्रद्धा किती हे कोण विचारणार?

तुमच्या वाक्यातला पहिला मेनोनाइट चर्चचा आणि दुसरा आजीच्या स्वयंपाकघराचा.

पण म्हणून ‘जर्मन वंशाची जमात’ असं लिहाल तर फसाल. छत्तीसगढमधल्या धमतरीत मेनोनाइट मिशन १८९९ पासून आहे. दुष्काळात अनाथ झालेली मुलं मिशनने सांभाळली, मंडळी उभी राहिली. तिथल्या माणसाचा व्हेरेनिकेशी काय संबंध? त्याचा मेनोनाइटपणा भक्तीत आहे. इथिओपियातली ‘मेसेरेते क्रिस्तोस’ ही मेनोनाइटांच्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक. तिच्या नावात मेनो नाहीच. अर्थ आहे ‘ख्रिस्त हा पाया’, आणि मेनो आपल्या लिखाणावर आवर्जून घालायचा ते बायबलमधलं वचन नेमकं हेच सांगतं. मला विचाराल तर फ्रीसन आडनावापेक्षा हे नातं जवळचं. अर्थात धमतरीतही आता पिढ्या झाल्या, आणि मेनोनाइट घरात जन्मलेले तिथेही आहेतच.

मराठीत जात आणि जमात दोन्ही टाळा. ‘मेनोपंथी’ही नको, कबीरपंथीसारखा कुणी गुरू समोर उभा राहतो आणि त्यांनी मेनोला तसं मानलेलं नाही. आपल्या ख्रिस्ती मराठीत चर्चसाठी ‘मंडळी’ हा सुरेख शब्द आहेच, त्याच्या जोडीला ‘समाज’ घ्या : ‘मेनोनाइट मंडळी मी कधीच सोडली, माणूस मात्र त्याच समाजातला.’

आणि ‘मेनोनाइट’मधला इ ऱ्हस्व ठेवा, लाइटसारखा.