प्रतिमा समेवर पोहोचली पाहिजे
कथकला संगणकीय प्रक्षेपणाची जोड द्यायची असेल, तर सुरुवात सॉफ्टवेअरच्या निवडीपासून करू नका. आधी विलंब, म्हणजे नर्तकाची हालचाल आणि पडद्यावर तिची प्रतिमा उमटणे यांमधला वेळ, मोजा. सेकंदाला 30 चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एका चौकटीला सुमारे 33 मिलिसेकंद लागतात, त्यात संगणक आणि प्रोजेक्टर आपापली भर घालतात. उलट मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत चौपट, म्हणजे मात्रेला चार आघातांचा, तत्कार (कथकमधले पायांचे काम) केला, तर एका आघाताच्या वाट्याला जेमतेम 94 मिलिसेकंद येतात. माझ्या पहिल्या प्रयोगात मी समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, थांबले आणि पडद्यावरची ठिणगी त्यानंतर उडाली. प्रेक्षकांत हशा पिकला. तेव्हापासून पायांचे आघात मी लाकडी फळीला चिकटवलेल्या मायक्रोफोनने टिपते आणि कॅमेरा हातांच्या संथ हालचालींपुरताच ठेवते.

अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांची 1999 मधील ‘बायपेड’ ही रचना अवश्य अभ्यासा. तिच्यात नर्तकांच्या हालचाली मोशन कॅप्चरने (शरीराच्या हालचाली संगणकात नोंदवणाऱ्या तंत्राने) आधीच टिपून त्यांपासून घडवलेल्या आकृती रंगमंचापुढच्या पारदर्शक जाळीवर प्रक्षेपित केल्या होत्या. प्रत्यक्ष नर्तकामागे धावण्याचे ओझे यंत्रावर नव्हतेच. नवख्याने आधी हाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे. मात्र नर्तकावरचा प्रकाश बाजूने द्या. समोरून दिलात, तर जाळीच उजळते आणि चेहऱ्यावरचा अभिनय धूसर होतो.