एडवर्ड हा मुंजाच, आणि ते 'अमानवीय' कृपा करून नको

प्रश्न असा आलाय: "मावशी, मी कॉलेजला आहे, यंग अडल्ट पॅरानॉर्मल पुस्तकं खूप वाचते आणि त्यांचे रिव्ह्यू मराठीतून लिहायला लागलेय. या प्रकाराला 'तरुण प्रौढ अमानवीय कादंबरी' म्हटलं तर चालेल का? आणि व्हॅम्पायरला काय लिहू, वेताळ की पिशाच्च?"

नाही चालणार. मराठीतून लिहितेस याचा मला फार आनंद आहे, पण 'तरुण प्रौढ' आणि 'अमानवीय' आधी खोडून टाक, वेताळ-पिशाच्चाकडे मग येते.

'अमानवीय' ऐकलं की माझं डोकंच उठतं. गेली काही वर्षं कुठेही भुताखेताचा विषय निघाला की हे लेबल लागतं. मराठीत 'मानवी' असतं, 'मानवीय' हे हिंदीचं रूप, आणि हिंदीत तरी अमानवीय म्हणजे काय, तर क्रूर, 'अमानवीय व्यवहार' म्हणतात ना ते. आपल्याकडे अमानुष मारहाण होते, अमानुष छळ होतो. तू 'अमानवीय प्रेमकथा' लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटणार पुस्तकात त्या मुलीचे हाल केलेत. 'अलौकिक'ही नको, ते आपण गाण्याला म्हणतो, प्रतिभेला म्हणतो. 'अतींद्रिय' तर मुळीच नको, अतींद्रिय म्हणजे डोळ्या-कानांना न कळणारं, आणि या पुस्तकांमधला हिरो चांगला दिसतो, बोलतो, हात धरतो, त्याचा हात गार लागतो हे पानोपानी सांगितलेलं असतं.

'तरुण प्रौढ' हे मशीननं केलेलं भाषांतर आहे आणि माणसांनी ते उचललं याचं मला वाईट वाटतं. इंग्रजीतला तो शब्द रुळवला ग्रंथपालांनी, अमेरिकेत त्यांच्या संघटनेनं १९५७ मध्ये त्या नावाचा वेगळा विभागच काढला, म्हणजे मुळात ती कपाटावर लावायची पाटी. आपल्या पाट्या आपल्याकडे आहेत, कुमार आहे, किशोर आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. (संस्कृतात किशोर म्हणजे मुळात घोड्याचं शिंगरू बरं का, माणसाच्या पोराला ते नंतर चिकटलं. त्या वयाच्या मुलांचे हातपाय कसे अचानक लांब होतात ते पाहिलंस की शब्द पटतो.)

नॉर्मलचं मूळ मात्र ऐकून घे. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन बघायचं ते एल आकाराचं हत्यार. आमच्याकडे दाराची चौकट बसवताना मिस्त्री एक डोळा मिटून कोपऱ्यात गुण्या लावायचा आणि म्हणायचा, "गुण्यात नाय बसत." गुण्यात बसतं ते नॉर्मल आणि गुण्याच्या बाजूला पडतं ते पॅरानॉर्मल, बास, इतकंच आहे ते, त्यात अमानवीय काही नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. तू ज्या प्रकारच्या पुस्तकांबद्दल विचारतेस त्यांच्या हिरोला मराठीत नाव आहे आणि ते कुणी वापरत नाही. मुंजा!

मुंज हे मुळात एका गवताचं नाव आहे. उंच वाढणारं, चिवट, दोर वळायला उपयोगी असं गवत. या गवताची तिहेरी मेखला बटूच्या कमरेला बांधायची, ती मौंजी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर कुणाची मेखला कशाची तेही दिलंय, ब्राह्मणाची मुंजाची, क्षत्रियाची मूर्वेची, वैश्याची तागाची, आणि मुंज मिळालं नाही तर कुश वगैरे दुसरी गवतं चालतील अशी सोयसुद्धा आहे. मौंजी बांधायची म्हणून मौंजीबंधन, त्याचं झालं मुंज, ज्याची मुंज झाली तो मुंजा, आणि पुढे लग्नाच्या वेळी ती मेखला सोडायची ती सोडमुंज. आता जो पोरगा मुंज झाल्यावर पण सोडमुंजीच्या आधी गेला त्याचं काय? त्याची मेखला सुटलीच नाही. तो मेला तरी मुंजाच राहिला. गवत, मग दोरी, मग विधी, मग मुलगा, मग भूत, एवढा प्रवास एका शब्दानं केलाय आणि आपण त्या शब्दाला नुसतं पिंपळावरून घाबरवणारं पोर करून ठेवलंय.

आणि वय बघ! मुंज आठव्या वर्षी, सोडमुंज लग्नात. या दोन्हींच्या मधलं जे वय, पोरपण संपलंय पण संसार सुरू नाही झाला, तेच तुझं यंग अडल्ट. अमेरिकेतल्या ग्रंथपालांना जी पाटी १९५७ मध्ये लावावीशी वाटली ती आपल्या भुतांमध्ये कधीचीच लागलेली आहे.

'ट्वायलाइट' घे, २००५ चं, मुलगी आणि व्हॅम्पायर यांची ती प्रेमकथा, कारण तू वाचलेलं असणारच. त्यातला एडवर्ड १९०१ चा जन्मलेला, १९१८ मध्ये शिकागोला स्पॅनिश फ्ल्यूनं मरायला टेकलेला असताना व्हॅम्पायर केला जातो आणि मग सतराचाच राहतो. बिनलग्नाचा, सतराचा, अडकलेला. पुढच्या भागांमध्ये त्याचा हट्ट काय, तर आधी लग्न, मग बाकीचं. लोक म्हणतात तो जुन्या वळणाचा आहे म्हणून, मी म्हणते त्याला सोडमुंज हवी आहे. लेखिकेच्या मनात हे नसणार, ती काही मुंजा ऐकून लिहायला बसली नव्हती, पण ज्याची ती पायरी राहून गेली त्याला तीच हवी असते ही समजूत आपल्या लोकांनी एका शब्दात बांधली आणि तिकडे त्याच समजुतीवर चार जाडजूड भाग उभे राहिले.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. तीच साथ जून १९१८ मध्ये मुंबईत आली आणि तिथून गावोगाव पसरली. माझ्या पणजीचा धाकटा भाऊ त्या साथीत गेला, आदल्या वर्षी मुंज झालेली. आजोळच्या परसात पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड होता, आम्ही पोरं त्याला मुंजामामा म्हणायचो. घरात लग्न ठरलं की पहिली अक्षत देवाला आणि दुसरी मुंजामामाला. आजी पत्रिका दगडावर ठेवायची, तिच्यावर नारळाची अर्धी वाटी ठेवायची म्हणजे वाऱ्यानं उडू नये, आणि म्हणायची, "ये हो लग्नाला." ज्याचं लग्न राहिलं त्याला आधी बोलवायचं. भीती नव्हती त्यात, आपल्यातला एक जण मागे राहिलाय त्याची आठवण ठेवणं होतं. एडवर्डचं १९१८ साल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते.

मुंजा पिंपळावरच का राहतो यावर माझं एक मत आहे, आणि त्यावरून माझे बरेच वाद झालेत. जाणकार म्हणतात पिंपळाच्या पानाचा आवाज, त्याचा देठ लांब आणि लवचीक असतो त्यामुळे वारा जाणवत नसतानाही पानं सळसळतात, म्हणून लोकांना झाडावर कुणीतरी आहे असं वाटलं. हे मला अर्धवट वाटतं. नुसत्या सळसळीवर भूत ठरलं असतं तर पिंपळावर कुठलंही भूत बसलं असतं, नेमका मुंजाच का? आपल्याकडे पिंपळाची मुंज करतात. खरोखरची, अश्वत्थोपनयन म्हणून शास्त्रात त्याचं नावही आहे, झाडाला मेखला बांधतात, जानवं घालतात. म्हणजे पिंपळ हा स्वतःच बटू! मेखला न सुटलेला मुलगा राहणार कुठे, तर मुंज झालेल्या झाडावर. सळसळवाल्यांनी याचं उत्तर मला अजून दिलेलं नाही.

दुसरे एक गृहस्थ, भाषेचे अभ्यासक म्हणवतात, ते मला म्हणाले, मुंजा फक्त ब्राह्मणांच्या घरातलं प्रकरण, बाकी मराठी वाचकाला त्याचं काय? त्यांनी मराठवाड्यात एक चक्कर मारावी. शेताच्या बांधावर मुंजाबा असतो, त्याला नैवेद्य दाखवतात, आणि परभणी-हिंगोलीकडे मुंजाजी नावाची माणसं सगळ्या जातींत भेटतील. शब्द ज्या घरात जन्मला तिथेच राहिला असं समजणाऱ्यांनी शब्दांवर बोलू नये. तेच गृहस्थ पुढे म्हणाले, मुंजा रक्त पीत नाही तेव्हा तो व्हॅम्पायर कसा? अहो, एडवर्डचं कुटुंब तरी कुठे माणसं मारतं, ती मंडळी जनावरांवर भागवतात, सगळी गोष्टच त्या संयमावर उभी आहे. रक्त हा तिथे खाण्यापिण्याचा भाग झाला, माणूस अडकलाय कुठे ते बघायचं असतं.

वेताळाबद्दल विचारलंयस. तो घोळ इंग्रजांनी घातला. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि मथळ्यात सरळ 'व्हॅम्पायर' घातलं, तेव्हापासून ही जोडी लोकांच्या डोक्यात बसलीय. व्हॅम्पायर हा शब्द सर्बियाकडचा, १७२५ ते १७३२ च्या सुमाराला तिथल्या खेड्यांत कबरीतून उठणाऱ्या मेलेल्यांबद्दल ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिले, त्यातून तो जर्मन, फ्रेंच, इंग्रजी असा फिरला. आपला वेताळ मढ्यात शिरतो, झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो, कुणाच्या मानेला तोंड लावत नाही. आणि कोकणात तर तो देव आहे! वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. त्या वेतोबाला तू व्हॅम्पायर म्हणणार? बर्टनला बऱ्याच भाषा येत होत्या, पण इथे त्यानं गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटेल ते नाव दिलं आणि आपण दीडशे वर्षं त्याचंच उष्टं खातोय.

अजून एक, मग थांबते. समंध. हा शब्द 'संबंध'चंच बोलीतलं रूप आहे, गावाकडे अजून "तुझा काय समंध?" विचारतात. एकच शब्द दोन वेषांत राहिला की मराठी कामं वाटून देते, गर्भिणी बाईसाठी आणि गाभण गायीसाठी, स्तन बाईचे आणि थान गायीचं. तसं संबंध जिवंतांचा आणि समंध मेलेल्याचा. ज्याचा इथला संबंध तुटला नाही तो समंध होतो आणि मानगुटीवर बसतो. आता तुझ्या पॅरानॉर्मल रोमान्सकडे बघ, मुलीचा मेलेल्या मुलाशी संबंध जुळतो, तो रात्री खिडकीतून येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो, आणि तिला ते प्रेम वाटतं. हा संबंध आहे की समंध, हा प्रश्न प्रत्येक अशा पुस्तकाला विचारायला हवा आणि तुझ्या वयाच्या वाचणाऱ्या मुलींसाठी तो विचारायलाच हवा. इंग्रजीत रिव्ह्यू करणारे त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद घालवतात, नातं निरोगी आहे की नाही वगैरे, तुला एका अक्षराच्या फरकात जमेल.

आणि हो, पिशाच्च. पिशाच लिही, एकच च. पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो, असं जुने लोक सांगतात. व्हॅम्पायरला व्हॅम्पायरच लिही, सगळ्यांना कळतं. प्रकाराचं नाव हवं असेल तर 'कुमारांसाठी भुताची प्रेमकथा' असं सरळ म्हण, लांब वाटलं तर नुसतं 'कुमार-भूतकथा'. पण पहिल्याच परिच्छेदात भूत कोणत्या जातकुळीचं आहे ते नावानं सांग, मुंजा की समंध की जखीण (ही आपली यक्षिणीच), म्हणजे त्याचं काय राहून गेलंय ते वाचणाऱ्याला तिथेच कळेल. पुढचा रिव्ह्यू लिहून झाला की मला पाठव, आणि त्यातल्या पोराचं वय किती आणि तो कशानं गेला ते आधी लिही.